रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचा कोड नीट लावताना सारखे येणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला बसून मी हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांची सौद्याची नोंद आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) करायची वेब ॲप्लिकेशनं सांभाळते. त्यामुळं इथली इंजिनिअरिंगची मुलं, इस्लामपूर-कराडकडची नुकतीच जॉबला लागलेली मंडळी आणि साताऱ्याचे दोन-तीन जण तेच तेच प्रश्न पाठवत राहतात, कधी स्क्रीनशॉट, कधी नुसतं "ताई हे असं का होतंय". ते सगळे इथं एका जागी लिहून काढलेत. वेब ॲप्लिकेशन बांधायचं फ्रेमवर्क जँगो असो, लाराव्हेल असो, एक्सप्रेस असो नाहीतर स्प्रिंग, ब्राउझर किंवा ॲपकडून आलेली मागणी (रिक्वेस्ट) आणि सर्व्हरनं दिलेलं उत्तर (रिस्पॉन्स) हाताळणाऱ्या कोडचं दुखणं बहुतेक सारखंच असतं. साधे प्रश्न आधी, अवघड खाली. एका उत्तराला दुसरं लागत असेल तिथं नंबर दिलाय.

१. रिफॅक्टरिंग म्हणजे कोड परत लिहिणंच ना?

नाही. बाहेरून जे दिसतं ते तसंच ठेवायचं आणि आतली मांडणी बदलायची, हे रिफॅक्टरिंग. आपल्या कामात "बाहेरून" म्हणजे काय हे अगदी पक्कं ठरलेलं आहे: तीच रिक्वेस्ट पाठवली की तोच स्टेटस कोड (२०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे सापडलं नाही, असा निकालाचा आकडा), तेच हेडर (उत्तराबद्दलची माहिती), तीच बॉडी (खरा मजकूर) परत आली पाहिजे आणि डेटाबेसात नोंदही तीच पडली पाहिजे. नवीन फीचर आणि रिफॅक्टरिंग एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका नोंदीत) घालू नका, नंतर काही मोडलं तर कशामुळं मोडलं तेच कळत नाही.

२. चाललंय की व्यवस्थित, मग हात कशाला लावायचा?

चाललंय आणि त्यात कुणी बदलही मागत नाही, तर खरंच लावू नका. पण तीच गोष्ट दुसऱ्या वाटेनं करायची वेळ आली की थांबा. आमच्याकडं सौद्याची नोंद घेणारा एकच हँडलर (आलेली रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारं फंक्शन) होता, चारशे ओळींचा, तोच फॉर्म वाचायचा, तोच दर तपासायचा, हमाली-तोलाई वजा करायचा, डेटाबेसात टाकायचा, एसएमएस पाठवायचा आणि शेवटी एचटीएमएल पण तोच बनवायचा. मग दुकानदार म्हणाले हीच नोंद मोबाइलवरून हवी, आणि घाईत मी तो हिशोब कॉपी करून दुसऱ्या हँडलरमध्ये टाकला. पुढं तोलाई बदलली, एका जागी बदल केला, दुसरी जागा राहिली, आणि एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्यांत काही रुपयांचा फरक आला. रक्कम छोटी होती पण शेतकऱ्याच्या हातात दोन वेगळे आकडे पडले की त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो, आणि तो विश्वास परत मिळवायला आम्हाला अख्खा सीझन लागला. तेव्हापासून मी हे काम पुढं ढकलत नाही.

३. टेस्ट एकही नाही, सुरुवात कुठून करू?

आत्ता जे होतंय त्याची नोंद ठेवण्यापासून. डेटाबेसची कॉपी घ्या, तिच्यावर खऱ्यासारख्या चाळीस-पन्नास रिक्वेस्ट सोडा, आलेले रिस्पॉन्स फाइलमध्ये ठेवा, आणि कोडमध्ये काहीही हललं की परत सोडून दोन्ही जुळतात का बघा. जँगोत टेस्ट क्लायंट आहे, स्प्रिंगला मॉकएमव्हीसी, एक्सप्रेसला सुपरटेस्ट, त्यामुळं यासाठी सर्व्हर चालू करून बसायची गरज पडत नाही. तारीख, सेशन कुकी, सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आलाय हे ओळखायचा कोड), नवीन नोंदीचा आयडी हे दर वेळी बदलणारच, ते जुळवायच्या आधी झाकून टाका.

चुकीच्या रिक्वेस्ट घ्यायला मात्र विसरू नका, म्हणजे दर रिकामा, लॉगिन नाही, तारीख भलतीच, पाच एमबीची फाइल. बरोबर वाटेवर सहसा काही मोडत नाही, मोडतं ते इथं. आणि जुना कोड चुकीचं उत्तर देत असेल तर आत्ता ते चुकीचंच नोंदवा, बाजूला चिठ्ठी लिहून ठेवा, दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये करा. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर, बँक खाती या फाइलींतून काढून टाका, ती रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) जाता कामा नयेत, यात कसलीही सूट नाही.

४. हँडलरमध्ये काय ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं?

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. हँडलरचं काम तीनच: आलेली रिक्वेस्ट उघडून हवं ते काढून घ्यायचं, कामाच्या फंक्शनला द्यायचं, आणि त्यानं दिलेल्या उत्तराचा रिस्पॉन्स बांधायचा. मधल्या फंक्शनला रिक्वेस्ट, हेडर, कुकी, स्टेटस कोड यातलं काहीही माहीत नको.

मार्केट यार्डात बघा, पोती गेटवर उतरतात, तिथंच वजन होतं, लॉटची चिठ्ठी होते. सौद्याला उभा राहिलेला माणूस हळकुंड मोडून बघतो, दर बोलतो, पण माल कुठल्या ट्रकमधून आला हे तो विचारत नाही. तुमच्या हिशोबाच्या फंक्शनला पण चिठ्ठी द्या, ट्रक देऊ नका. म्हणजे शेतकऱ्याचा आयडी, क्विंटल, दर, तारीख एवढी चार फील्ड असलेला साधा ऑब्जेक्ट, आणि त्यातला दर आकडाच असणार, फॉर्ममधून आलेली स्ट्रिंग नाही.

परत येताना पण तेच. फंक्शननं "शेतकरी सापडला नाही" असं आपल्या भाषेत सांगावं, त्याचे ४०४ करायचे की पानावर लाल ओळ दाखवायची हे हँडलर ठरवेल. जमलं की नाही ते तपासायची माझी पद्धत म्हणजे ते फंक्शन कमांड लाइनवरून, वेब सर्व्हर बंद ठेवून चालवून बघायचं. चाललं तर वेगळं झालंय. खोटा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट बनवून द्यावा लागला तर अजून कुठंतरी चिकटलंय.

५. फ्लास्कमध्ये रिक्वेस्ट कुठूनही मिळतो, मग आर्ग्युमेंट पाठवत का बसायचं?

फ्लास्क या फ्रेमवर्कमध्ये तो मिळतो, पण रिक्वेस्ट चालू असेपर्यंतच. तेच फंक्शन उद्या रात्रीच्या जॉबमधून किंवा वेगळ्या थ्रेडमधून बोलावलं की रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टच्या बाहेर काम चाललंय असा एरर येतो, आणि तो नेमका एसएमएस पाठवताना येतो जिथं कुणी बघत नसतं. हँडलरमध्ये खुशाल वापरा, त्याच्या आत नको. लॉगिन केलेला माणूस आणि आत्ताची वेळ पण आर्ग्युमेंट म्हणूनच द्या.

६. मिडलवेअरचा क्रम डोक्यात बसतच नाही, साधं सांगा ना.

सांगलीहून पुण्याला गाडीनं गेलात तर आधी तासवडे टोलनाका, मग आनेवाडी, मग खेड शिवापूर. येताना बरोबर उलटं. मिडलवेअर, म्हणजे हँडलरकडं जाताना आणि येताना प्रत्येक रिक्वेस्ट-रिस्पॉन्सला लागणारे थर, असंच. लिस्टमध्ये पहिलं असलेलं रिक्वेस्टला पहिल्यांदा भेटतं आणि रिस्पॉन्सला सगळ्यात शेवटी. आता समजा आनेवाडीवरूनच गाडी माघारी वळवली, म्हणजे लॉगिन नाही म्हणून मधल्या मिडलवेअरनं तिथूनच ४०१ दिला, तर परतीच्या वाटेवर फक्त तासवडे लागणार, खेड शिवापूरला ही गाडी आलीच नव्हती. म्हणून जे प्रत्येक रिस्पॉन्सला लागायलाच हवं, लॉग, रिक्वेस्ट आयडी, सिक्युरिटी हेडर, सीओआरएस (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला उत्तर वाचायची परवानगी देणारे हेडर), ते तासवड्याला ठेवायचं. "लॉगिन फेल झालं की ब्राउझरमध्ये सीओआरएसचा एरर दिसतो" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

जँगोचा फार जुना प्रोजेक्ट असेल तर एक खाच आहे. १.१० च्या आधी, म्हणजे २०१६ च्या आधीच्या पद्धतीत, मधूनच रिस्पॉन्स दिला तरी परतीचे सगळे नाके लागायचे. नवीन पद्धतीत ज्यातून आत गेलात तेवढेच लागतात. जुनं मिडलवेअर नव्या लिस्टमध्ये हलवताना हा फरक कुठं एरर म्हणून दिसत नाही, नुसता एखादा हेडर गायब होतो.

७. व्हॅलिडेशन दारात करायचं की आत?

दार म्हणजे हँडलर, आत म्हणजे कामाचं फंक्शन. दोन्हीकडं, पण वेगवेगळं. दर हा आकडा आहे का, तारीख तारखेसारखी आहे का, हे दारात. या लॉटचा सौदा आधीच झालाय का, हे आत, कारण त्याला डेटाबेस लागतो आणि मोबाइलवरून आलं काय, एक्सेलमधून आलं काय, नियम तोच. कोडबद्दल विचाराल तर जेसनच (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) मोडका असेल तर ४००, वाचता आलं पण किंमत पटत नसेल तर ४२२, आधीच्या नोंदीशी भांडण असेल तर ४०९. आधीपासून सगळीकडं ४०० च देत असाल तर रिफॅक्टरिंगच्या नावाखाली बदलू नका, १८ वाचा.

८. प्रत्येक हँडलर एरर वेगळ्याच आकारात देतो, हे एकसारखं कसं करू?

हँडलरमधले ट्राय-कॅच (जागच्या जागी एरर पकडणारे तुकडे) काढा आणि एकच एरर हँडलर ठेवा, जो आपले एरर ओळखून स्टेटस कोड आणि बॉडी ठरवेल. बॉडीचा आकार स्वतः शोधत बसू नका, आरएफसी ९४५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे ठरलेले नियम) मध्ये तो ठरलेला आहे, जुलै २०२३ चा आहे, त्याआधी २०१६ चा ७८०७ होता. टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स अशी फील्ड आणि कंटेंट-टाइप म्हणून ॲप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसन. आपल्याला हवी ती जास्तीची फील्ड घालता येतात. अनोळखी एरर आला तर बाहेर साधा ५०० आणि एक आयडी, आतलं सगळं लॉगमध्ये. एसक्यूएलची क्वेरी ग्राहकाच्या स्क्रीनवर गेलेली मी बघितलीय, ते होऊ देऊ नका.

एक्सप्रेस ४ वाल्यांनी लक्ष द्या, असिंक हँडलरमध्ये एरर उडाला तर तो तुमच्या एरर हँडलरपर्यंत पोचत नाही, रिक्वेस्ट नुसती लटकून राहते नाहीतर नव्या नोडवर अख्खी प्रोसेसच बंद पडते. एकतर गुंडाळणारं छोटं फंक्शन लावा नाहीतर ५ वर जा, सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ५ मध्ये हे आपोआप होतं.

९. लॉगिंगचं मिडलवेअर घातलं आणि हँडलरला बॉडी रिकामी मिळायला लागली, असं का?

बॉडी म्हणजे नगरपालिकेचं पाणी समजा, येतं तेव्हा पिंपात भरून घेतलं तर भरलं, नंतर नळ सोडून काही मिळत नाही. बॉडी स्ट्रीम असते, एकदा वाचली की संपली. तुमच्या लॉगिंगनं ती वाचली, हँडलरला कोरडा नळ मिळाला. जावा सर्व्हलेटमध्ये (जावाचा रिक्वेस्ट हाताळणारा भाग) हे हमखास होतं, जँगो तर तोंडावरच सांगतो की स्ट्रीम वाचून झाल्यावर आता बॉडी मागू नका. उपाय म्हणजे पिंप: सगळ्यात बाहेर एकदाच वाचून मेमरीत ठेवायची आणि पुढच्यांना ती कॉपी द्यायची. स्प्रिंगमध्ये कंटेंट-कॅशिंग रॅपर आहे पण तो आधीच भरून ठेवत नाही, पुढचा कोणी वाचेल तसा भरत जातो, म्हणून लॉग परतीच्या वाटेवर लिहा. आणि पिंपाला माप ठेवा, लिमिटच्या वर गेलं की ४१३ (बॉडी फार मोठी). फाइल अपलोडच्या रूटला (यूआरएलच्या वाटेला) पिंप लावूच नका.

१०. हेडर आधीच पाठवलेत असा एरर येतोय, पण मी तर एकदाच पाठवतोय!

रिस्पॉन्स जाताना आधी स्टेटस आणि हेडर जातात, मग बॉडी. बॉडीचा पहिला तुकडा गेला की हेडरला हात लावता येत नाही. एक्सप्रेसमध्ये कारण जवळपास कायम एकच असतं, इफमध्ये एरर पाठवला आणि पुढं रिटर्न लिहिलं नाही, त्यामुळं कोड खाली घरंगळत जाऊन दुसऱ्यांदा पाठवतो. पीएचपीत मात्र डोळ्यांना न दिसणारं कारण असतं, फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) किंवा शेवटच्या टॅगनंतरची रिकामी ओळ. ती ओळच बॉडी म्हणून निघून जाते. बंद करणारा टॅग लिहूच नका आणि फाइल बीओएमशिवाय सेव्ह करा. कायमचा उपाय ४ मध्येच आहे, हँडलरनं रिस्पॉन्स परत द्यायचा, मधेच कुणी लिहायचं नाही.

११. पीएसआर-७ मध्ये हेडर लावला तरी जात नाही.

पीएसआर-७ (पीएचपीतला रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचा ठरलेला नमुना) मधलं विथहेडर जुना रिस्पॉन्स बदलत नाही, नवीन बनवून देतो. तो परत व्हेरिएबलमध्ये घ्या.

१२. इंग्लिश नावं नीट जातात, मराठी नाव आलं की जेसन अर्धवट तुटतं. सर्व्हर खराब आहे का?

सर्व्हर बरा आहे, कुणीतरी कंटेंट-लेंथ (बॉडीची लांबी सांगणारा हेडर) अक्षरं मोजून लावलीय. ती बाइटमध्ये लागते. "सांगली" या शब्दात युनिकोडची ६ चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे १८. तुम्ही ६ सांगितलंत तर समोरचा ६ बाइट वाचून थांबतो आणि त्याच्या हाती फक्त "सा" पडतं. "सातारा" पण १८ च. जावास्क्रिप्टची लेंथ आणि पायथॉनमधली स्ट्रिंगची लांबी बाइट देत नाहीत, पीएचपीची एसटीआरलेन देते. सगळ्यात बरं म्हणजे हा हेडर हातानं लावूच नका, फ्रेमवर्कला लावू द्या. पुणे-मुंबईच्या टीम इंग्लिश डेटावर टेस्ट करून मोकळ्या होतात आणि हे बग आपल्याकडं येऊन सापडतात, म्हणून ३ मधल्या फाइलींत मराठी नावं हवीतच.

पट्टीच्या पीडीएफचं नाव मराठीत हवं असेल तर ते हेडरमध्ये सरळ टाकू नका. कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये फाइलनेमच्या पुढं तारा (*) लावून, यूटीएफ-८ असं सांगून, नाव टक्क्याच्या एन्कोडिंगमध्ये द्यायचं, आणि जुन्या क्लायंटसाठी साधं इंग्लिश नाव पण सोबत ठेवायचं. हे आरएफसी ६२६६ मध्ये आहे.

१३. फ्लास्कमधून जँगोत आणलं, कोड तोच, तरी फिल्टर चुकीचा लागतोय.

यूआरएलमध्ये एकच नाव दोनदा आलंय का बघा. हळदीच्या जातीसाठी जात=राजापुरी आणि परत जात=सेलम असं आलं तर फ्लास्क साध्या get() ला पहिलं देतो, जँगो आणि पीएचपी शेवटचं, सर्व्हलेट पहिलं, एक्सप्रेस दोन्हींचा ॲरे. म्हणून दारात उघडतानाच "मला लिस्ट हवी" असं स्पष्ट मागा. याच घरातला दुसरा त्रास अधिक चिन्हाचा, +९१ नं सुरू होणारा मोबाइल नंबर यूआरएलमध्ये तसाच टाकला तर अधिकची जागा मोकळी होते. क्लायंटनं एन्कोड करूनच पाठवला पाहिजे.

१४. एनजिनएक्स पुढं लावल्यापासून सगळ्यांचा आयपी एकच दिसतो.

एनजिनएक्स हा रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मग आपल्या ॲप्लिकेशनकडं पाठवणारा प्रॉक्सी सर्व्हर, दिसतो तो त्याचाच आयपी आहे. खरा एक्स-फॉरवर्डेड-फॉर मध्ये असतो, पण तो हेडर कुणीही स्वतः लिहून पाठवू शकतो, म्हणून सरळ पहिला आयपी उचलू नका. फ्रेमवर्कच्या सेटिंगमध्ये आपला प्रॉक्सी विश्वासू म्हणून सांगा आणि उजवीकडून त्यानं भरलेलाच घ्या. हे काम एकाच मिडलवेअरमध्ये, ६ मधल्या लिस्टच्या अगदी सुरुवातीला. नाहीतर रेट लिमिट लावल्यावर एका माणसामुळं अख्ख्या यार्डाला ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) जातो.

१५. पान रिफ्रेश केलं की सौद्याची नोंद दोनदा पडते.

पोस्टच्या (डेटा पाठवणाऱ्या रिक्वेस्टच्या) उत्तरात पान देऊ नका, ३०३ देऊन दुसऱ्या पानावर पाठवा, मग रिफ्रेश केलं तरी फक्त गेट (पान मागणारी रिक्वेस्ट) जातं. ३०२ वर पण ब्राउझर हेच करतात, पण ३०७ आणि ३०८ मेथड तशीच ठेवतात, "नवीन आहे म्हणून" ३०७ लावलात तर फॉर्म परत पोस्ट होईल. हे झालं ब्राउझरचं. मोबाइल ॲपचं वेगळं, यार्डात दुपारी गर्दीत रेंज जाते, रिक्वेस्ट पोचते पण उत्तर येत नाही, ॲप परत पाठवतं. त्याला रीडायरेक्ट काही करू शकत नाही. प्रत्येक नोंदीला ॲपनंच एक वेगळी की द्यायची, डेटाबेसात त्या कीवर युनिक इंडेक्स (तीच की दोनदा न घेणारा), आणि तीच की परत आली तर पहिलंच उत्तर परत द्यायचं. तपासून मग टाकायचं असं दोन पायऱ्यांत करू नका, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोन्ही आत घुसतात.

१६. वर्षभराचा रिपोर्ट स्ट्रीम करतो, पण मेमरी तरी फुगतेच.

कुठलं तरी मिडलवेअर बॉडी अख्खी गोळा करतंय, बहुतेक साइज मोजणारं नाहीतर लॉग लिहिणारं. जँगोच्या स्ट्रीमिंग रिस्पॉन्सला कंटेंट नसतोच, मिडलवेअरनं आधी स्ट्रीमिंग आहे का ते विचारायचं. दुसरं म्हणजे अर्ध्यात एरर आला तर ५०० देता येत नाही, २०० आधीच गेलाय (१०). म्हणून सीएसव्हीच्या शेवटी एकूण ओळींची ओळ टाका, ती नसेल तर फाइल अपुरी हे वाचणाऱ्याला कळतं.

१७. पंधरा वर्षांचा साधा पीएचपी आहे, फ्रेमवर्कच नाही. सगळं एकदम बदलू का?

एकदम नको. पुढं एनजिनएक्स ठेवा आणि एकेक रूट नव्याकडं वळवा, बाकीचे जुन्याकडंच. पहिला रूट असा निवडा ज्याला लॉगिन लागत नाही आणि जो फक्त वाचतो, आम्ही आजच्या दरांचं पान घेतलं होतं. लॉगिनवाले रूट हलवायच्या आधी सेशन (कोण लॉगिन आहे याची सर्व्हरवरची नोंद) सोडवा, पीएचपी ते फाइलमध्ये ठेवतं आणि नव्या ॲप्लिकेशनला ते वाचता येत नाही, म्हणून आधी ते डेटाबेसात न्या. जुन्या फाइलींत सगळीकडं पसरलेलं पोस्ट आणि गेटचं वाचन प्रत्येक फाइलच्या वरच्या चार ओळींत गोळा करणं, एवढं तरी कुणालाही एका दुपारी जमतं.

१८. जुन्या ॲपला एरर आला तरी २०० च पाठवतो, त्याला तेवढंच समजतं. ते बरोबर करायचं म्हटलं तर ॲप मोडेल.

मोडेलच, म्हणून ते रिफॅक्टरिंगमध्ये येत नाही. जी चूक बाहेरच्यांनी धरून ठेवलीय तो आता तुमचा करार आहे. आत सगळं ८ प्रमाणे करा, खरा एरर, खरा ४०९, आणि अगदी बाहेर फक्त जुन्या रूटसाठी एक पातळ थर ठेवा जो त्याचं परत २०० करून जुन्या आकारात बांधतो. नवीन ॲपला नवीन रूट. मग ॲक्सेस लॉगमध्ये जुन्या रूटवर रोज किती रिक्वेस्ट येतात ते मोजत राहा. आमच्या लॉगमध्ये शेवटी दोनच दुकानं उरली होती, दोघांच्याही मुनीमजींच्या जुन्या फोनवर अपडेट जात नव्हता, त्यांच्या गाळ्यावर जाऊन हातानं ॲप टाकून दिलं आणि हळदीचा सीझन उतरल्यावर जूनमध्ये तो थर काढला.